सहाशे पीडीएफ आणि एक फळा

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी, अनुदानित माध्यमिक शाळेत चौदा वर्षे मराठी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचे हे पत्र आहे. आठवी ते दहावीचे वर्ग त्यांच्याकडे असून एकेका वर्गात पन्नासच्या वर मुले आहेत. शाळेचे ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतील दोन कपाटे. संगणक कक्षात संगणक दहा, त्यांतले चालू सहा. दिवाळीपूर्वी प्रत्येक विषयाचे ‘डिजिटल साहित्य’ जमवावे, असे मुख्याध्यापकांनी सांगितले. एका सहकाऱ्याने टेलिग्रामवरून उतरवलेला सहाशे मराठी पुस्तकांचा संच पाठवला, तो बाईंनी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला आणि दुसऱ्याच दिवशी एका पालकांनी विचारले, ‘बाई, ही पुस्तके तर दुकानात विकत मिळतात. अशी वाटलेली चालतात का?’ दुसरीकडे मुले निबंध इंटरनेटवरून जसेच्या तसे उतरवून आणतात. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर बावीस वह्यांत पहिले वाक्य एकच निघाले. लेखन आणि साहित्य शिकवण्यासाठी मोफत व निर्धोक साधने कोठे मिळतील, गटावर टाकलेल्या पुस्तकांचे आता काय करावे आणि शहरातील मुलांच्या तुलनेत आपली मुले मागे पडत आहेत ही बोच कशी घालवावी, असे बाईंचे तीन प्रश्न आहेत.

प्रिय बाई,

सप्रेम नमस्कार.

बावीस वह्यांतले ते वाक्य तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, पण बहुधा ते मला ठाऊक आहे. ‘आकाशात काळे ढग दाटून आले होते’ हेच ना? मी नोकरीत होते तेव्हा ते गाइडातून येत असे आणि मी स्वतः शाळेत होते तेव्हा थोरल्या भावंडांच्या जुन्या वहीतून. नक्कल इंटरनेटने आणलेली नाही, इंटरनेटने फक्त तिची मेहनत वाचवली. म्हणून इंटरनेटने मुलांचे लेखन बिघडवले आणि इंटरनेटवरचीच चांगली साधने सापडली की ते सुधारेल, असे जे गणित तुमच्या पत्राच्या तळाशी मांडलेले दिसते, ते आधी तपासून पाहू.

साधनांची उणीव आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. पण आज तुमच्या फोनमध्ये सहाशे पुस्तके आहेत. इतकी पुस्तके मी शिकवत असताना आमच्या अख्ख्या शाळेत नव्हती. त्यांतली तुम्ही किती उघडलीत हे मी विचारत नाही, कारण मलाही असे संच येतात आणि मीही त्यांतली चार-पाचच उघडते. पस्तीस मिनिटांच्या तासातून हजेरी, सूचना आणि मागच्या बाकावरची भांडणे वजा केली, तर हाताशी पंचवीस मिनिटे उरतात आणि त्या पंचवीस मिनिटांत नीट वाचून होते ते एक पान. तुम्हाला हवे आहे ते हे एक पान. सहाशे पुस्तकांच्या संचात ते कोठेतरी असेलही, पण संच ते निवडून देत नाही. मोफत साधनांचा खरा उपयोग मुलांच्या हाती काही देण्यापेक्षा तुमची स्वतःची निवड सोपी होण्यासाठी आहे, असे माझे मत आहे आणि पुढे जे लिहिते आहे ते सगळे याच मतावर बेतलेले आहे.

आधी त्या पालकांचा प्रश्न घेऊ, कारण तो टांगून ठेवण्यासारखा नाही. त्यांचे बरोबर आहे. मोफत आणि मुक्त या दोन शब्दांत आपण फार गल्लत करतो. टेलिग्रामवर जे मिळते ते मोफत असते, पण ते वाटण्याची मुभा आपल्याला कोणी दिलेली असते असे नाही. भारतातील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे साठ वर्षे हक्क राखीव असतात. म्हणजे केशवसुत (मृत्यू १९०५), बालकवी (१९१८), राम गणेश गडकरी (१९१९), लक्ष्मीबाई टिळक (१९३६), साने गुरुजी (१९५०) यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन आज तुम्ही छापा, वाटा, फळ्यावर लिहा, गटावर टाका, कोणाची हरकत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या लेखनाची मुदत प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, म्हणून ती २०१२ अखेर मुक्त झाली. याउलट अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये गेले, तेव्हा त्यांचे लेखन २०२९ संपेपर्यंत राखीव आहे; कुसुमाग्रज (१९९९) आणि पु. ल. देशपांडे (२०००) यांच्या बाबतीत तर आपल्या दोघींच्या हयातीत हा प्रश्न बहुधा सुटणार नाही. एक बारकावा येथेच सांगून ठेवते. मूळ कविता मुक्त असली, तरी तिला अलीकडच्या संपादकाने जोडलेली प्रस्तावना आणि टिपा मुक्त असतातच असे नाही.

याचा अर्थ वर्गात कुसुमाग्रज वाचायचेच नाहीत, असा मात्र कोणी काढू नये. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल हा हक्कभंग मानू नये, अशी सवलत याच कायद्याच्या बावन्नाव्या कलमात आहे आणि विद्यापीठातील अभ्यासक्रमाच्या छायाप्रतींवरून झालेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली ती सवलत शिक्षकांच्या बाजूने, बरीच उदारपणे वाचली. तेव्हा एखाद्या हयात कवीची कविता तुम्ही फळ्यावर लिहिलीत किंवा शिकवण्यासाठी तिच्या पन्नास प्रती काढल्यात, तर त्यात भिण्यासारखे काही नाही. पूर्ण पुस्तक पालकांच्या गटावर टाकणे मात्र शिकवण्याच्या ओघात बसत नाही. ते वाटप झाले. मराठीत बऱ्याच पुस्तकांची आवृत्ती हजार-पाचशे प्रतींची निघते आणि तीही वर्षानुवर्षे गोदामात पडून असते, हे माहीत असलेल्या आपल्यासारख्यांनी तरी ते करू नये. तुम्ही ते जाणूनबुजून केलेले नाही हे पत्रावरून कळते, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. गटावर काय लिहावे ते शेवटी सुचवते.

आता साधनांकडे येऊ. काही सरकारी ठिकाणे तुम्हाला ठाऊक असतीलच, त्यांवर वेळ घालवत नाही. बालभारतीची सर्व पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात, पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर नेतो आणि मराठी विश्वकोशाच्या नोंदी ऑनलाइन विनामूल्य वाचता येतात. ‘किशोर’ मासिकाबद्दल मात्र थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण ते १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीने मोफत वाचायला ठेवले आहेत, ही गोष्ट पुष्कळ शिक्षकांच्या गावीही नसते. अंक जुने म्हणून टाकाऊ नाहीत. आठवीच्या मुलांसमोर त्यांच्या जन्माआधीचा एक अंक उघडा आणि त्या काळच्या मुलांना कोणत्या गोष्टीचे अप्रूप वाटत होते ते शोधायला सांगा. त्यावरचे बोलणे संपेपर्यंत तास संपतो आणि एक निबंधाचा विषय आपोआप हाती लागतो.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांची बरीच प्रकाशने पूर्ण स्वरूपात आहेत. त्यांत महात्मा फुले आणि सावित्रीबाई फुले यांचे समग्र वाङ्मय आहे. तुमच्या कामाचा ऐवज मला येथे दिसतो, तो सावित्रीबाईंनी जोतिरावांना लिहिलेल्या तीन पत्रांत. ती १८५६, १८६८ आणि १८७७ सालची आहेत. शेवटचे पत्र जुन्नरजवळच्या ओतूरहून दुष्काळाच्या दिवसांत लिहिलेले आहे. त्यात उपाशी माणसांची आणि जनावरांची दैना आहे, सावकारांचा जाच आहे आणि मदतकार्याची हकिकतही आहे. दहावीच्या उपयोजित लेखनात आपण पत्रलेखन शिकवतो ते डावीकडे काय, उजवीकडे काय, ‘आपला विश्वासू’ कोठे आणि मायना कोणता एवढ्यावर. त्या चौकटीला गुण आहेत, तेव्हा ती शिकवलीच पाहिजे. पण त्याआधी एकदा हे पत्र वर्गात मोठ्याने वाचा आणि मग विचारा, ‘बाईंनी हे का लिहिले? जोतिरावांना यातले काय आधीपासून ठाऊक असेल आणि काय नसेल?’ ज्याला लिहितो आहोत त्याला काय ठाऊक नाही, हे ओळखणे ही पत्रलेखनाची निम्मी विद्या आहे. ती कोणत्याही नमुना पत्रातून शिकवता येत नाही, कारण नमुना पत्र कोणीच कोणाला लिहिलेले नसते.

दुसरे ठिकाण आहे मराठी विकिस्रोत. विकिपीडियाचेच ते भावंड आहे, पण तेथे लेख नसतात, हक्क संपलेली मूळ पुस्तके असतात. जुन्या पुस्तकाच्या पानाचे छायाचित्र एका बाजूला आणि यंत्राने त्यावरून वाचलेला मजकूर दुसऱ्या बाजूला, अशी तेथील पानाची मांडणी असते. यंत्र चुका करते. घ चा ध होतो, भ चा म होतो, ‘ख’ फुटून ‘रव’ होतो. माणसांनी ते पान छायाचित्राशी ताडून दुरुस्त करायचे, दुरुस्त झाले की लाल खूण पिवळी होते आणि दुसऱ्या कोणी पुन्हा तपासले की हिरवी. हे सगळे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे, की शुद्धलेखनाचा इतका खरा सराव मी दुसरीकडे कोठे पाहिलेला नाही. आपण मुलांना चुकीचे शब्द देऊन ‘शुद्ध करून लिहा’ म्हणतो आणि ते खोटे काम आहे हे मुलांना पहिल्या दिवसापासून कळलेले असते. येथे काम खरे आहे, चूक यंत्राची आहे म्हणून कोणाला लाज नाही आणि दुरुस्त केलेले पान उद्या दुसरा कोणीतरी वाचणार आहे.

तुमचे सहा संगणक आणि येणारे-जाणारे इंटरनेट मनात धरूनच हे सुचवते आहे. एक न तपासलेले पान निवडा, त्याचे छायाचित्र आणि यंत्राचा मजकूर दोन्ही छापून घ्या, दोन मुलांमागे एक अशा प्रती काढा आणि मुलांना लाल पेनाने चुका शोधू द्या. संगणकावर जायची गरज फक्त तुम्हाला, तेही एकदा, दुरुस्त्या भरण्यासाठी. मुलांची नावे, छायाचित्रे किंवा त्यांच्या नावाची खाती कोठेही उघडू नका. तुमचे एक खाते पुरेसे आहे. आणि पान जुने असेल तर त्यात ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार भेटतील. कोणीतरी हुशार मुलगा ती चूक म्हणून खोडेल. त्याला रागावू नका. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्याआधी ते बरोबरच होते आणि विकिस्रोतावर मूळ पान होते तसेच ठेवायचे असते, हे त्याला सांगा. नियम आकाशातून पडलेले नाहीत, माणसांनी बसून ठरवले आणि बदलले, हे त्या एका खोडलेल्या अनुस्वारातून मुलांना जेवढे कळते तेवढे व्याकरणाच्या आठ तासांतही कळत नाही.

तिसरे साधन शब्दकोश, आणि खरे सांगायचे तर एकच साधन निवडायला सांगितले असते तर मी हेच निवडले असते. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातील भाषांचे कोश विनामूल्य ठेवले आहेत, त्यांत मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आहे आणि दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ही आहे. हे कोश विकत घ्यायचे तर तुमच्या कपाटाचा एक खण आणि शाळेचे वर्षाचे अनुदान त्यातच जाईल. फोनवर मात्र ते खिशात मावतात. फोन एकच लागतो, तोही तुमचा.

एक तास असा करून पाहा. फळ्यावर फक्त ‘हात’ हा शब्द लिहा आणि मुलांना आठवतील तेवढे वाक्प्रचार सांगू द्या. हात देणे, हात टेकणे, हात झटकणे, हात चोळत बसणे, हात आखडता घेणे, हात मारणे. वर्ग बारा-पंधरापर्यंत जाऊन थांबेल. मग तुम्ही दाते-कर्व्यांतली ‘हात’ची नोंद उघडून वाचायला लागा, मुले हसतील, थक्क होतील, काही वाक्प्रचार त्यांच्या आजीच्या तोंडी ऐकलेले निघतील. त्यानंतर काम असे द्यायचे: हात देणारा, हात झटकणारा आणि हात चोळत बसणारा अशी तीन माणसे एकाच प्रसंगात आणून दहा ओळी लिहा. हा प्रसंग इंटरनेटवर तयार मिळत नाही. गावातले, घरातले खास शब्द मुलांनी आणावेत आणि ते कोशात आहेत का ते पाहावे, हा त्याचा पुढचा तास. कोशात सापडला तर ‘आपण बोलतो तेही मराठीच’ हे छापील पुराव्याने सिद्ध होते आणि सापडला नाही तर मुलालाच त्या शब्दाची नोंद लिहायला सांगता येते: अर्थ, वापर, कोण वापरते, केव्हा वापरते. माहितीपर लेखनाचा याहून चांगला विषय मला माहीत नाही.

साहित्याच्या तासासाठी मी तुम्हाला दिवाकरांच्या नाट्यछटा सुचवीन. शंकर काशीनाथ गर्गे हे त्यांचे नाव. ते स्वतः शाळामास्तर होते, १९३१ मध्ये गेले, तेव्हा हक्कांचा प्रश्न नाही आणि त्यांच्या नाट्यछटा इंटरनेटवर सहज सापडतात. बहुतेक नाट्यछटा एक-दीड पानाच्या आहेत, म्हणजे तुमच्या पंचवीस मिनिटांच्या मापाच्या. नाट्यछटेत एकच माणूस बोलत असतो, समोरचा काय म्हणाला ते आपल्याला ऐकू येत नाही, पण बोलणाऱ्याच्या शब्दांवरून सगळे कळते. शिवाय बोलणारा स्वतःबद्दल जे लपवू पाहतो तेही कळते. रसग्रहणाचे प्रश्न घोकून घेण्याऐवजी एकदा हेच विचारा, ‘हा माणूस काय लपवतो आहे आणि कोणत्या शब्दात तो पकडला गेला?’ बोट ठेवून दाखवायला लावा. मग मुलांना लिहायला द्या: कोणीतरी फोनवर बोलते आहे, पलीकडचा आवाज आपल्याला येत नाही. दुकानदार उधारी मागतो आहे, वडील काकांशी वाटणीचे बोलत आहेत, ताई ‘काही नाही, अभ्यास करते आहे’ म्हणते आहे. मी हा प्रयोग नववीच्या वर्गावर केला होता. एरवी चार ओळींवर न जाणाऱ्या एका मुलाने दीड पान लिहून आणले होते. त्यात आई माहेरी फोन करून ‘इथे सगळे बरे आहे’ असे सात वेळा म्हणते. सातव्या वेळेनंतर त्याने पुढे काहीच लिहिले नव्हते. त्या वहीवर शेरा काय द्यावा हे मला सुचले नाही. मी फक्त तारीख घातली.

लहान वर्गांसाठी, किंवा ज्यांचे वाचनच अडखळते अशा आठवीतल्या मुलांसाठी, प्रथम बुक्स या मुलांची पुस्तके काढणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेले स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ पाहा. तेथे मराठीत पुष्कळ सचित्र गोष्टी आहेत, वाचनाच्या पायरीप्रमाणे लावलेल्या आहेत आणि त्यांचा परवाना खऱ्या अर्थाने मुक्त आहे. श्रेय देऊन छापता येतात, बदलता येतात, भाषांतरित करता येतात. दुसऱ्या भाषेतील गोष्ट मराठीत आणणे हा नववी-दहावीला गटाने करण्यासारखा उद्योग आहे. परदेशात रविवारच्या मराठी शाळा चालवणारे काही पालक मला पत्रे लिहितात, त्यांनाही मी हेच ठिकाण आधी सांगते, कारण त्यांच्या मुलांना समजेल एवढ्या सोप्या मराठीत, पण बाळबोध नसलेले, असे वाचायला मिळणे अवघड असते. ई-साहित्य प्रतिष्ठानाची पुस्तकेही मोफत आणि लेखकांच्या संमतीने दिलेली असतात. त्यांचा दर्जा एकसारखा नाही, तेव्हा आधी स्वतः वाचून मगच पुढे द्या. इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर जुन्या मराठी पुस्तकांचे मोठे भांडार आहे, पण तेथे आहे म्हणून ते मुक्तच आहे असे समजू नका. लेखकाच्या मृत्यूचे साल पाहण्याची सवय ठेवा.

एवढे झाल्यावर पुन्हा त्या बावीस वह्यांकडे येते. मुले नक्कल का करतात, याचे उत्तर आपण आळस असे देऊन मोकळे होतो. मला वाटते, विषयच असा असतो की त्यावर मुलाला स्वतःचे सांगण्यासारखे काही आहे असे त्याला वाटत नाही. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ म्हटले की पुस्तकातला पाऊस आठवतो: मोर, इंद्रधनुष्य, कागदाच्या होड्या. मराठवाड्यातल्या मुलाचा पाऊस म्हणजे बहुतेक वेळा न आलेला पाऊस असतो, नाहीतर काढणीला आलेल्या सोयाबीनवर पडलेला. ते निबंधात चालते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही. म्हणून ते सामायिक वाक्य न रागावता फळ्यावर लिहा, कोणाची वही हे न सांगता, आणि म्हणा, ‘हे वाक्य कोणाचेही असू शकते. याच्या पुढचे वाक्य असे लिहा, की ते फक्त आपल्या गावाबद्दल खरे असेल.’ दहा मिनिटे द्या, वर्गातच. घरी लिहून आणण्याचा निबंध शक्यतो बंदच करा. आता तर चॅटबॉटला विषय सांगितला की तो वहीभर निबंध देतो आणि तो गाइडापेक्षा बरा लिहितो, त्यामुळे घरून आलेल्या निबंधावरून मुलाविषयी काहीच कळत नाही. चॅटबॉटचा निबंध पकडण्याच्या मागे लागू नका, त्यात तुमचा जीव जाईल. हवे तर त्याने लिहिलेला एक निबंध वर्गात वाचून दाखवा आणि त्यात कोणत्या गावाचा पाऊस आहे ते मुलांना शोधायला सांगा.

वह्या तपासण्याचे ओझे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, पण ते मोफत साधनांनी हलके होत नाही, उलट वाढते, म्हणून लिहिते. पंचावन्न वह्या, एका वहीला तीन मिनिटे, म्हणजे पावणेतीन तास, आणि तेही एका वर्गाचे. हे दर आठवड्याला कोणाला जमणार नाही आणि न जमल्याचा अपराधभाव मात्र दर आठवड्याला होतो. दर आठवड्याला अकराच वह्या घ्या, पण त्या अकरांत एकेक वाक्य असे लिहा की जे त्याच मुलाला उद्देशून असेल. ‘छान’ नको, ‘अक्षर सुधारा’ नको. ‘बैलाचे नाव लिहिलेस ते आवडले, त्याला विकले तेव्हा कोण कोण अंगणात होते?’ असे काही. पाच आठवड्यांत सगळ्यांची पाळी येते. उरलेली मुले एकमेकांच्या वह्या वाचतील. त्यांना एकच काम द्या, आवडलेल्या एका वाक्याखाली रेघ मारणे. चुका काढायला लावलेत तर भांडणे होतील.

शहरातल्या मुलांशी तुलना करताना तुमच्या मनात स्मार्ट बोर्ड आणि प्रत्येकाच्या हाती टॅब आहेत, असे दिसते. मी शहरात शिकवले आहे. तेथल्या पुष्कळ मुलांना मराठी वाचताना जो अडथळा येतो, तो तुमच्या मुलांना येत नाही. कोशातला निम्मा शब्दसाठा त्यांच्या घरात बोलला जातो. त्यांच्याकडे पुस्तके कमी आहेत हे खरे आणि त्याचे दुःख आपण हलके मानू नये, कारण पीडीएफ हा कपाटातल्या पुस्तकाला पर्याय नाही. पाच इंची पडद्यावर मोठी कादंबरी वाचून होत नाही, आणि डोळे नको म्हणतात ते वेगळेच. म्हणून मुख्याध्यापकांना ‘डिजिटल साहित्य’ दाखवताना सोबत एक छोटी मागणीही पुढे करा: महिन्याला शंभर छायाप्रतींचा खर्च आणि वर्षाला वीस छापील पुस्तके. डिजिटल साहित्य म्हणून त्यांना काय द्यायचे, याचीही चिंता नको. आठवी, नववी, दहावी मिळून वर्षभरात वापरायची चाळीस पाने निवडा, प्रत्येक पानाखाली लेखकाचे नाव, मृत्यूचे साल आणि ते कोठून घेतले ते लिहा, वर्गात त्यावर काय विचारले ते दोन ओळींत नोंदवा आणि ती एक फाइल जमा करा. इतर शाळांच्या सहकाऱ्यांनाही सहाशे पुस्तकांच्या संचापेक्षा ही चाळीस पाने जास्त उपयोगी पडतील. दिवाळीपर्यंत चाळीस होणार नाहीत. दहा झाली तरी द्या.

राहिला पालकांचा गट. ज्यांनी विचारले त्यांना आधी वेगळा फोन करून आभार माना, कारण असे विचारणारे पालक फार थोड्या शाळांना लाभतात. गटावरचा संच वेळ उलटून गेल्यामुळे सगळ्यांच्या फोनवरून काढता येणार नाही. त्यामुळे लांबलचक खुलासा न करता एवढेच लिहा: ‘गेल्या आठवड्यात मी पाठवलेल्या संचात हक्क राखीव असलेली पुस्तके होती. ती माझी चूक झाली. कृपया ती पुढे पाठवू नयेत आणि फोनमधून काढून टाकावीत. त्याऐवजी दर शनिवारी मी एक पान पाठवीन, ते मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि घरातील सर्वांनी ऐकावे.’ पहिल्या शनिवारी दिवाकरांची एखादी नाट्यछटा पाठवा. मोठ्याने वाचल्याशिवाय ती कळत नाही.

आपली स्नेहांकित